मुदपाकखान्यातील इतिहास : कोरियन ऐतिहासिक मालिकांची लोकप्रियता आणि मराठी ऐतिहासिक मालिका

प्रस्तावना

राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. याच राजशेखराने 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात वैदर्भी रीतीचा उल्लेख 'वच्छोमी', म्हणजे वत्सगुल्माची, अशा नावाने केला आहे. राजशेखर कनौजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयाला होता आणि त्याच्या काळी वत्सगुल्माची वाकाटक राजवट लयाला जाऊन चारशे वर्षे लोटली होती. राज्य बुडाले, राजवाड्याची वीटही राहिली नाही. तरी शेकडो कोस दूरच्या दरबारात या गावाचे नाव एका लेखनशैलीचे नाव म्हणून चालत होते. एका प्रदेशाची अभिरुची स्वतःच्या सीमा ओलांडून परक्या रसिकांच्या अंगवळणी कशी पडते, हा प्रश्न त्यामुळे वाशीमकरांना अगदीच उपरा ठरू नये.

हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे, की मराठी विषयाच्या अध्यापकाने कोरियन मालिकांवर लिहावे याचे प्राध्यापक-कक्षात थोडे हसू होते. माझ्याही वाट्याला ते आले. परंतु प्रस्तुत विषयाकडे मला वर्गानेच वळवले. पदवीच्या द्वितीय वर्षाला ऐतिहासिक कादंबरी शिकवताना 'इतिहासातील सामान्य माणूस' या मुद्द्यावर मराठीतील उदाहरण विचारले असता वर्ग बराच वेळ गप्प राहिला. मग खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने भीत भीत उत्तर दिले ते 'जांगगुम'चे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, हिंदी भाषांतरासह, तिने सर्व ५४ भाग पाहिले होते. उत्तर प्रश्नाबाहेरचे होते, पण चुकीचे नव्हते. मराठीतील उदाहरण तिला का सुचले नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

एका स्त्रीच्या काही ओळी

'दे जांगगुम' ही मालिका कोरियाच्या एम.बी.सी. वाहिनीने सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात प्रसारित केली. किम यंग-ह्यन यांचे लेखन, ली ब्योंग-हून यांचे दिग्दर्शन आणि ली यंग-ए यांची मध्यवर्ती भूमिका असलेली ही मालिका पुढे नव्वदहून अधिक देशांत पोहोचल्याचे सांगितले जाते. २००५ मध्ये हाँगकाँग आणि चीन, त्यानंतर इराण, २०१२ मध्ये श्रीलंकेच्या रूपवाहिनीवर 'सुजाता दियणी' असा तिचा प्रवास झाला. भारतात २००६ साली दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीने ती 'घर का चिराग' या नावाने हिंदीत दाखवली. अकरावी-बारावीच्या वर्षांत घरच्या संचावर तिचे काही भाग पाहिल्याचे मला स्मरते. मात्र त्या वेळी ती कोणत्या देशाची कथा आहे याचा पत्ता आमच्यापैकी कोणालाच नव्हता. चिनी असावी, असे आम्ही धरून चाललो होतो.

या मालिकेचा ऐतिहासिक आधार किती, हे पाहणे उद्‌बोधक आहे. जोसन राजवंशाच्या इतिवृत्तांत १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांची, २५ राजांच्या कारकिर्दींची नोंद १,८९३ खंडांत आहे. राजाचा प्रत्येक दिवस लिहून ठेवणारे लेखनिक दरबारात हजर असत आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे हे पाहण्याची मुभा खुद्द राजालाही नसे. युनेस्कोने १९९७ मध्ये 'जागतिक स्मृती' नोंदवहीत या इतिवृत्तांचा समावेश केला. एवढ्या अफाट साधनात जांगगुमच्या वाट्याला आलेले उल्लेख सुमारे दहा. राजा जुंगजोंग (राज्यकाल १५०६-१५४४) याच्या इतिवृत्तात ती वैद्यकी करणारी स्त्री म्हणून येते. १५१५ मध्ये राणी बाळंतपणानंतर दगावली तेव्हा वैद्य-स्त्रियांना शिक्षा करावी असा मंत्र्यांचा आग्रह होता; जांगगुमच्या हातून युवराजाचा जन्म सुखरूप झाला, तिला खरे तर बक्षीस मिळायला हवे होते, असे सांगून राजाने तो मान्य केला नाही. १५४४ साली, अखेरच्या आजारात, प्रकृतीची चौकशी करणाऱ्या मंत्र्यांना राजाने आपली लक्षणे ती वैद्य-स्त्री जाणते अशा अर्थाचे उत्तर दिल्याची नोंद आहे. तिचा जन्म, मृत्यू, आईवडील यांविषयी इतिवृत्ते काही सांगत नाहीत.

या वैद्य-स्त्रिया समाजाच्या तळातून येत. परपुरुषाने नाडी पाहू नये म्हणून उच्चकुलीन स्त्रिया उपचारावाचून मरत. त्यावर उपाय म्हणून १४०६ मध्ये सरकारी गुलाम वर्गातील मुली निवडून त्यांना वैद्यक शिकवण्याची पद्धत सुरू झाली. अशा वर्गातील एका स्त्रीचा लक्षणांवरील अधिकार राजाने भर दरबारात मान्य करावा, ही ती ठिणगी. बाकीचे जवळपास सर्व कल्पित आहे. जांगगुम राजवाड्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती, या मालिकेच्या संपूर्ण पूर्वार्धाला इतिवृत्तात आधार नाही. तरीही पाहणाऱ्याला जो भाग सर्वाधिक खरा वाटतो तो नेमका हाच. हे कसे घडते?

पाण्याचा वाडगा

आरंभीच्या भागांतील एक प्रसंग पाहू. मुदपाकखान्यात नव्याने आलेल्या लहानग्या जांगगुमकडे तिच्या गुरू, हान सांगगुंग, रोज पिण्याचे पाणी मागतात. थंड पाणी आणले तरी पुन्हा मागतात, गरम आणले तरी पुन्हा मागतात. मुलगी गोंधळते, रडकुंडीला येते. शेवटी तिला आपली आई आठवते. आई पाणी देण्यापूर्वी पोट दुखते का, घसा धरला आहे का, असे विचारत असे. ती गुरूला तेच प्रश्न विचारते आणि चिमूटभर मीठ घातलेले कोमट पाणी देते. वाडग्यात आलेले पाणीसुद्धा अन्न आहे आणि अन्न देणाऱ्याने खाणाऱ्याची प्रकृती जाणली पाहिजे, हा तिचा पहिला धडा. पुढे राजाचे अखेरचे दुखणे ओळखणारी वैद्य या मुलीतूनच निघणार, याची बी या एका वाडग्यात पेरलेली आहे.

संपूर्ण मालिकेचे बांधणीतंत्र या प्रसंगात सापडते. येथे कथानक कामातून पुढे सरकते. खारवणे, आंबवणे, कोणत्या ऋतूत कोणती भाजी, कोणत्या भांड्यात काय शिजवावे, जिभेची चव गेल्यावर केवळ स्मरणाने पदार्थ कसा सिद्ध करावा, या तपशिलांवर राजकारण उभे राहते. हान आणि चोई या दोन सांगगुंगांमधील संघर्ष म्हणजे दरबारी गटबाजीच आहे, पण तिचे रणांगण चूल आहे. उत्तरार्धात जांगगुमला गुलाम म्हणून जेजू बेटावर धाडले जाते. तेथे ती वैद्यक शिकते आणि हीच पद्धत नाडी, सुया व वनस्पती यांच्यासाठी वापरली जाते. कोरियाचा इतिहास ठाऊक नसलेल्या तेहरानच्या वा कोलंबोच्या गृहिणीला येथे आडकाठी येत नाही. जुंगजोंग कोण हे तिला माहीत नसते. मीठ जास्त पडल्याचे दुःख मात्र माहीत असते.

दिग्दर्शक ली ब्योंग-हून यांची वाटचाल या दृष्टीने महत्त्वाची वाटते. १९८३ ते १९९० या काळात त्यांनी एम.बी.सी.साठी 'जोसन राजवंशाची पाचशे वर्षे' ही मालिका केली. राजामागून राजा, कटामागून कट असे तिचे स्वरूप होते. ती देशात पाहिली गेली. बाहेर तिचे नाव क्वचितच निघते. पुढे १९९९-२००० मध्ये त्यांनी 'हो जुन' केली. 'दोंगुइबोगाम' हा वैद्यकग्रंथ रचणाऱ्या, रखेलीच्या पोटी जन्मलेल्या वैद्याची ही कथा. त्यानंतर एका व्यापाऱ्यावरील 'सांगदो', मग 'दे जांगगुम' आणि २०१० मध्ये राजवाड्यात हलकी कामे करणाऱ्या, जिचा मुलगा पुढे राजा झाला अशा स्त्रीवरील 'दोंग यी'. एकाच माणसाने आधी सिंहासनाकडून इतिहास सांगितला, मग वैद्याच्या खलबत्त्याकडून. परदेशी गेला तो दुसऱ्या प्रकारचा. २०२५ मध्ये आधुनिक स्वयंपाकीण जोसन काळात जाऊन पडते अशी 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी' ही मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर पाहिली गेली, तेव्हाही कथेचे केंद्र राजाचे ताटच होते.

शेवटची स्वयंपाकीण आणि तिची विद्यार्थिनी

कोरियन मालिकांच्या यशाचे श्रेय सामान्यतः शासकीय धोरणाला दिले जाते. १९९९ चा सांस्कृतिक उद्योग प्रोत्साहन कायदा, परदेशी वाहिन्यांना मालिका देण्यामागील सरकारी पाठबळ, या गोष्टी निर्विवाद आहेत. मणिपुरात २००० साली हिंदी चित्रपटांवर बंडखोर संघटनेने बंदी घातल्यावर 'आरिरांग' वाहिनीवरून कोरियन कथा घराघरांत शिरल्या, हेही सर्वश्रुत आहे. परंतु पैसा आणि वाहिन्या यांनी वाडग्यातले पाणी खरे होत नाही. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि अध्यापकवर्गाने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते.

जोसन राजवाडा १९१० मध्ये राजकीयदृष्ट्या संपला. तेथील मुदपाकखान्यात काम केलेल्या शेवटच्या स्त्रियांपैकी हान ही-सुन या पुढे हयात होत्या. १९४० च्या दशकात ह्वांग हे-संग या महाविद्यालयीन अध्यापिका त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागल्या. हानबाईंच्या हातातले मोजमाप चिमटीचे आणि ओंजळीचे. ह्वांग यांनी ते वजनामापांत उतरवले, पदार्थांची नावे, भांडी, ताट मांडण्याची पद्धत लिहून काढली. १९७१ मध्ये शासनाने राजवाड्यातील पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि हानबाईंना तिच्या पहिल्या धारक म्हणून मान्यता दिली. पुढे तो मान ह्वांग यांच्याकडे आला. ह्वांग यांच्या कन्या हान बोक-र्यो यांनी 'दे जांगगुम'मधील पदार्थांचे मार्गदर्शन केले. पडद्यावर जे हात भाजी चिरताना दिसतात त्यांच्या मागे अशी साठ वर्षांची टिपणे आहेत.

दुसरे उदाहरण इतिवृत्तांचेच. ती शास्त्रीय चिनी भाषेत असल्याने सामान्य कोरियन वाचकाला बंद होती. तिचे आधुनिक कोरियन भाषांतर १९६८ मध्ये हाती घेऊन १९९३ मध्ये पूर्ण झाले आणि १९९५ मध्ये ते संगणकीय तबकडीवर आले. त्यानंतर वैद्य, चित्रकार, व्यापारी, दासी यांच्यावरील मालिकांचा जो बहर आला त्याचा या भाषांतराशी संबंध जोडल्यावाचून राहवत नाही. खंडामागून खंड चाळणाऱ्याला राजाच सापडतो. शब्द टाकून शोध घेता येऊ लागला, की एखादी वैद्य-स्त्रीही हाती लागते.

मराठी मालिकांचा प्रवाह

मराठी दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांची परंपरा कमी प्रतीची नाही. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीवर गजानन जागीरदार यांनी १९८७ मध्ये केलेली मालिका रवींद्र मंकणी आणि मृणाल कुलकर्णी यांच्यामुळे आजही स्मरणात आहे. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' सुरू झाली. २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालली. दोन्हींत अमोल कोल्हे यांनी मध्यवर्ती भूमिका केली आणि संध्याकाळी घरोघर लोक कामे आटोपून संचासमोर बसले. या मालिकांनी महाराष्ट्राला काय दिले याचा हिशेब वेगळा आहे आणि तो मोठा आहे. येथे प्रश्न निराळा आहे : महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला त्यांत शिरायला दार कोठे आहे?

माझ्या मते ते दार बहुधा बंदच राहते, कारण आपली ऐतिहासिक मालिका प्रेक्षकाला आधीपासून भक्त गृहीत धरते. नायकाचे मोठेपण सिद्ध करायचे नसते, केवळ पुन्हा एकदा पाहायचे असते. पात्रे बोलतात ती सभेत बोलल्यासारखी. कारकून, खिजमतगार, शिलेदार, कुणबीण हे पडद्यावर असतात, मुजरा करतात, निरोप आणतात आणि जातात. किल्ला घेतला जातो. पण किल्ल्यावर पाण्याचे टाके कोणी खोदले, दारू कोठारात कोरडी कशी ठेवली, घोड्याच्या नालाला लोखंड कोठून आले, हे कोणी दाखवत नाही. वास्तविक शिवकालीन राज्यव्यवहाराची खरी नवलाई या गोष्टींतच होती. दाराबाहेरचा प्रेक्षक भक्त नसतो. त्याला काम दाखवले तर तो आत येतो.

याला सन्माननीय अपवाद म्हणजे विरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केलेली 'उंच माझा झोका' (२०१२-१३). रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या आत्मकथनाचे पाठबळ तिला होते. अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन येते आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या विरोधात अक्षरे गिरवू लागते; येथे शिकणे हेच नाट्य आहे. पाटीवरची पहिली ओळ पाहताना प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. रचनेच्या दृष्टीने जांगगुमला इतकी जवळची दुसरी मराठी मालिका मला आढळत नाही. तरी दोहोंत एक भेद राहतो. 'उंच माझा झोका'मध्ये विद्या माजघराबाहेर आहे, स्वयंपाकघर हा तिच्या वाटेतला अडसर आहे. 'दे जांगगुम'मध्ये स्वयंपाकघरातच विद्या आहे. आपल्या एकोणिसाव्या शतकातील सुधारणेने बायकांना चुलीपासून दूर नेण्याचे अत्यावश्यक कार्य केले, हे मान्यच आहे. त्या धांदलीत चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या ज्ञानाकडे मात्र आपली पाठ फिरली.

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्यावरील 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर २०२० मध्ये सुरू झाली आणि अपुऱ्या प्रेक्षकसंख्येमुळे त्याच वर्षाच्या अखेरीस आटोपती घ्यावी लागली. शाळा काढणे, पोरी गोळा करणे, शेणाचे गोळे झेलून पुन्हा वर्गावर जाणे असे कामाने भरलेले चरित्र आपल्याकडे थांबते, याचे दुःख त्या वेळी अनेकांनी व्यक्त केले. केवळ प्रेक्षकांना दोष देऊन भागणार नाही. ज्या अभिरुचीला पन्नास वर्षे तलवारीचा खणखणाट ऐकवला तिला पाटी-पेन्सिलीचा आवाज एकाएकी ऐकू येईल, ही अपेक्षा थोडी अवास्तव होती.

काही प्रतिवाद

वरील मांडणीला एक सरळ आक्षेप येतो, तो 'जुमोंग'चा. २००६-०७ मधील ही ८१ भागांची मालिका गोगुर्यो राज्याच्या संस्थापकाची, म्हणजे राजाचीच कथा आहे आणि इराणमध्ये ती अफाट लोकप्रिय झाली. हा आक्षेप पूर्णपणे परतवता येत नाही. एवढेच म्हणता येईल, की मालिकेतील जुमोंग आरंभी धनुष्य धरता न येणारा, भित्रा, ऐषारामी राजपुत्र आहे. प्रेक्षक त्याच्याबरोबर शिकतो. राज्याला लोखंडाची शस्त्रे घडवता येतील का, हा त्या कथेतील सततचा पेच आहे आणि सो सो-नो ही व्यापारी स्त्री त्याच्या राज्यस्थापनेतील बरोबरीची भागीदार आहे. राजा असूनही तो घडताना दिसतो. आपल्याकडे राजा घडलेलाच जन्माला येतो.

दुसरा गैरसमजही दूर व्हावा. कोरियन समाज इतिहासाबाबत आपल्यापेक्षा सहिष्णू आहे म्हणून तेथे असे लेखन होते, असे समजण्याचे कारण नाही. मार्च २०२१ मध्ये 'जोसन एक्सॉर्सिस्ट' ही मालिका केवळ दोन भागांनंतर रद्द झाली, कारण जोसन काळातील प्रसंगात चिनी धाटणीचे पदार्थ आणि नेपथ्य दाखवल्याने लोक संतापले. जाहिरातदारांनी हात काढून घेतले. वादाचा एक मुद्दा ताटातील पदार्थांचा होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे. आपल्याकडे २०२५ मध्ये 'छावा' या हिंदी चित्रपटातील लेझीमचे दृश्य आक्षेपांनंतर काढले गेले. अस्मिता दोन्हीकडे सारखीच हळवी आहे. फरक एवढाच, की तेथे ती पदार्थ कोणत्या देशाचा यावरून दुखावते आणि म्हणून पदार्थाचा अभ्यास करणे भाग पडते. आपल्याकडे ती महापुरुषाच्या देहबोलीवरून दुखावते. लेझीम कोण खेळत, कशी, केव्हापासून, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांना पडला.

साधनांच्या अभावाची सबब तर चालणारच नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल कोट्यवधी कागदांनी भरलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३० च्या दशकात सिद्ध केले; वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत दिली. त्यांत मोहिमा आहेत तशा कोठीच्या खर्चाच्या, कुणबिणींच्या खरेदीच्या, वैद्यांना दिलेल्या इनामांच्याही नोंदी आहेत. मोडी वाचणारा विद्यार्थी मात्र आज आमच्या जिल्ह्यात शोधून काढावा लागतो. पदव्युत्तर वर्गातील दोन मुलींनी मोडी शिकण्याची इच्छा दर्शवली तेव्हा त्यांना अभ्यासक्रमात 'उपयोजन' काय, असा प्रश्न एका बैठकीत विचारला गेला. उत्तर देण्याची संधी मला मिळाली नाही; ते येथे देत आहे असे समजावे.

वत्सगुल्मातील कथा

आता पुन्हा वाशीमकडे. २०१८ पासून केंद्र शासनाच्या यादीत आकांक्षित, म्हणजे सौम्य शब्दांत मागास, ठरलेल्या या जिल्ह्यात ऐतिहासिक मालिकेला पुरेल असे काही आहे काय? १९३९ मध्ये येथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट राजाची वंशावळ संस्कृतात देतो आणि दानाचा व्यवहार प्राकृतात उतरतो. राजाच्या पणजोबांसाठी देवभाषा, शेतासाठी लोकभाषा. वाकाटकांच्या दानपत्रांत करमाफीची जी यादी असते ती दिसायला कोरडी आहे : या गावाने फुले आणि दूध देऊ नये, बसण्यासाठी कातडी आणि कोळसा पुरवू नये, येथे मीठ खणले जाऊ नये, वेठबिगार घेतली जाऊ नये. यादी उलटी वाचली, की इतर गावे काय काय पुरवीत होती हे कळते. राजाच्या फिरत्या अधिकाऱ्यांना दूध काढून देणारे, कातडी कमावणारे, कोळसा पाडणारे, वेठीला धरलेले लोक या नकारांच्या आड उभे आहेत. जांगगुमच्या दहा ओळींहून हे कमी आहे असे मला वाटत नाही.

याच राजवंशाच्या अखेरीची छाया दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील आठव्या उच्छ्वासात, म्हणजे विश्रुतचरितात पडली आहे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही तोच धागा धरून हरिषेणानंतरच्या ऱ्हासाचा क्रम लावला. कथेतील पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा वारस, हे समीकरण सर्वांना मान्य नाही. कथेला इतिहास मानण्यात जोखीम असतेच. पण मालिकेच्या दृष्टीने पाहावे तर पटकथा जवळजवळ तयार आहे. विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा वृद्ध मंत्री वसुरक्षिताचा उपदेश टाळतो. विहारभद्र नावाचा लाडका विदूषकी मुत्सद्दी राजाच्या शास्त्रोक्त दिनचर्येची अशी टवाळी करतो, की ती आजही वाचताना हसू येते : सकाळी हिशेब ऐकावेत तर अधिकारी दुप्पट चोरतात, आणि दुपारी जेवावे तर जेवलेले पचेपर्यंत विषाची धास्ती. अश्मकाच्या राजाने पाठवलेला माणूस दरबारात व्यसने रुजवतो, मांडलिक फुटतात, राजा युद्धात पडतो. राणी वसुंधरा आपली मुलगी मंजुवादिनी आणि मुलगा भास्करवर्मा यांना घेऊन निघते, माहिष्मतीला दिराकडे आश्रय घेते आणि तेथेही मुलाच्या जिवाला धोका आहे हे ओळखून त्याला एका वृद्ध सेवकाच्या हाती सोपवून रानात धाडते.

मिराशींपासून आजपर्यंत या कथेचा विचार झाला तो राजांच्या ओळखी पटवण्यासाठी. कोरियन मालिकेच्या सवयीने ती पुन्हा वाचली तेव्हा माझे लक्ष दुसरीकडे गेले. विंध्याच्या अरण्यात विश्रुताला एका विहिरीजवळ आठेक वर्षांचा, भुकेने आणि तहानेने व्याकूळ झालेला मुलगा भेटतो. मुलासाठी पाणी काढताना त्याचा म्हातारा सोबती विहिरीत पडलेला असतो. विश्रुत वेलीच्या आधाराने म्हाताऱ्याला वर काढतो, वेळूच्या नळीने पाणी काढून मुलाला पाजतो, फळे पाडून त्याची भूक भागवतो. मग झाडाखाली बसून तो म्हातारा सगळी हकिकत सांगतो. पुण्यवर्म्याचे राज्य, अनंतवर्म्याचे अविवेकी दिवस, विहारभद्राचे भाषण, अश्मकाचे कपट, राणीचे पलायन, हे सारे आपल्याला कळते ते या सेवकाच्या तोंडून. त्याचे नाव नालीजंघ. मिराशींचे समीकरण स्वीकारले, तर वत्सगुल्माच्या राजवंशाचा अंत सांगणारा एकमेव निवेदक हाच आहे. दंडीचे मूळ लेखन याच उच्छ्वासात तुटते; शेवट पुढे दुसऱ्या कोणी तरी जोडला.